फुली नसलेली खिडकी

१

काम तसं सोपं होतं. पेन्सिलवाला चित्रकथेची पानं काढून पाठवायचा आणि चित्रात जिथं ठार काळं हवं तिथं बारीकशी फुली मारून ठेवायचा. किमेल टाकानं त्यावर शाईच्या रेषा ओढायचा. शेवटी ती पानं मिनासच्या टेबलावर यायची. मिनासनं फुली शोधायची, ब्रश शाईत बुडवायचा आणि ती जागा भरून टाकायची. शाई वाळली की खालची पेन्सिल खोडून पान झटकायचं. बस्स.

“जिथं फुली, तिथं काळं. फुली नसेल तिथं हात लावायचा नाही,” असं त्याच्या थोरल्या भावानं, म्हणजे त्या पेन्सिलवाल्या स्त्रातिसनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “आणि डोकं चालवू नकोस. तुझं डोकं चाललं की काहीतरी फुटतं.”

ते खरंच होतं. मास्तरांवर दौत फेकून मिनास शाळेतून घरी आला तो पुन्हा गेलाच नाही. मग मामाच्या खानावळीत लागला. तिथं बशा फुटल्या. शेवटी स्त्रातिसनं त्याला हाताला धरून किमेलच्या खोलीत आणून बसवलं. खोली न्यूयॉर्कमधल्या अस्टोरियात, ग्रीकांच्या वस्तीत, एका बेकरीच्या वर. खिडकीला खेटून, लोखंडी खांबांवरून रेल्वे जायची. गाडी आली की टेबल थरथरायचं. म्हातारा किमेल टाक उचलायचा, मिनास ब्रश उचलायचा. गाडी गेली की दोघं एकदम खाली वाकायचे. इतकी वर्षं झाली, की गाडी येण्याआधीच हात उचलले जायचे.

पानं असायची पारव्याची. छतावर कबुतरं पाळणारा एक साधा माणूस, रात्री करडा कोट चढवून शहरावरून उडतो आणि कुठंही गेला तरी उजाडायच्या आत घरी परततो. कबुतराचा कसला आलाय वीरनायक, म्हणून आधी सगळे हसले होते. पण स्त्रातिसच्या हातात तो जिवंत झाला. स्त्रातिसचा पारवा उडताना जड वाटायचा. उतरताना त्याचे गुडघे वाकायचे. डोळ्यांखाली दमणूक दिसायची. मिनासला वाचायचा कंटाळा. फुग्यांतले शब्द तो सोडूनच द्यायचा. भावाच्या चित्रांवरून त्याला सगळी गोष्ट कळायची.

आणि दर अंकात, जिथं रात्रीचं शहर असे तिथं, सगळ्या खिडक्यांवर फुल्या असायच्या, एक सोडून. चौथ्या मजल्यावरची, मागच्या बाजूची. ती त्यांच्याच स्वयंपाकघराची खिडकी होती. दोन्ही मुलगे घरी आल्याशिवाय आई तिथला दिवा मालवत नसे. बाप बोटीवर होता तेव्हापासूनची तिची रीत. ही गोष्ट कुणाला सांगितलेली नव्हती, तरी वाचक अंक हातात पडला की आधी ती खिडकी हुडकायचे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी स्त्रातिस घरी टेबलावर डोकं टेकून बसला होता. आईला वाटलं डुलकी लागली. तिनं आपली तपकिरी शाल त्याच्या खांद्यांवर घातली आणि भांड्यांचा आवाज होऊ नये म्हणून नळ बारीक केला. डोक्यातली शीर फुटली होती, असं डॉक्टर नंतर म्हणाले. शाल घालेपर्यंत तो गेलेलाही असेल.

मिनास आला तेव्हा ती नळ बारीक सोडून भांडी घासत होती.

२

नवा पेन्सिलवाला नेब्रास्कातला. लॉइड एकर्ट नाव. न्यूयॉर्क त्यानं पाहिलंही नव्हतं. पानं टपालानं यायची. पहिलं पाकीट आलं तेव्हा किमेलनं ते मिनासला दाखवायचं टाळलं, पण खोली केवढी, लपवणार कुठं?

मिनासनं पहिलं पान पाहिलं. पारव्याचा जबडा लाकडी, खांदे दारात मावणार नाहीत एवढे, आणि तो हवेत असा सुळकन चालला होता की त्याला वजनच नव्हतं. कोट तोच, टोपी तीच. कुणीतरी मेलेल्या माणसाचे कपडे चढवून आरशापुढं उभं राहावं तसं. मिनासनं पेन्सिल उचलली आणि त्या चेहऱ्यावर स्त्रातिससारखं नाक काढायला बसला. त्याला नाक कुठं येत होतं. पान पार बिघडलं, मग त्यानं ते फाडलं.

किमेल ओरडला नाही. त्यानं तुकडे गोळा केले, मागून चिकटपट्टी लावून जोडले, वर नवा कागद ठेवून खिडकीच्या काचेवर धरून ते उतरवून घेतलं. संध्याकाळपर्यंत तो तेच करत होता. मग म्हणाला, “तो पोरगा काही तुझ्या भावाला मारायला आला नव्हता, मिनास. त्याला फोन आला, तो हो म्हणाला.”

“नाही म्हणायचं होतं.”

“मग दुसऱ्या कुणाला फोन गेला असता.”

ती पानं छापून यायला उन्हाळा उजाडला. स्टेशनच्या जिन्याखाली सोतिरिसकाकांचा पेपरस्टॉल होता. मिनास आडून आडून चौकशी करायचा आणि काका मीठमिरची लावून सांगायचे. नवऱ्यानं मिशी काढल्यावर बायको जशी बघते, तसं गिऱ्हाईक पारव्याकडे बघतं, म्हणायचे. उलटंसुलटं करतं आणि परत ठेवतं. शाळेतल्या मुलांना नवा पारवा आवडला होता, मारामारी चांगली काढतो म्हणून. पण जुनी माणसं हळहळत होती. रात्रपाळी करून सकाळी घरी जाणारी एक नर्स दर महिन्याला अंक न्यायची. तिनं स्टॉलपाशी उभ्या उभ्या तो चाळला आणि म्हणाली की हा पारवा दमत नाही. मग मी कुणासाठी वाचू?

“आणि खिडकी कुठाय म्हणाली,” काका म्हणाले. “सगळं काळंच आहे म्हणाली.”

मिनासला ते ऐकून बरं वाटलं. लाजही वाटली, पण बरं वाटलं.

३

खिडकी परत आली.

पुढच्या एका अंकाच्या पानांत तिसऱ्या पानावर शहर होतं, वरून पाहिलेलं. एकर्टच्या फुल्या त्याच्या चित्रासारख्याच होत्या, नेटक्या, दोन्ही रेषा सारख्या. मिनास एकेक खिडकी भरत चालला होता. डोकं न चालवता. आणि ब्रश थांबला.

एका खिडकीवर फुली नव्हती.

विसरला असेल. मिनासनं बोटानं मजले मोजले. चौथा. मागची बाजू. उजवीकडून दुसरी.

त्यानं पान किमेलपुढं नेलं. किमेलनं चष्मा कपाळावर ढकलून जवळून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. पोरानं जुने अंक नीट बघितलेत, म्हणाला. मानवंदना दिलीय तुझ्या भावाला. बघ, एवढाही वाईट नाही.

मिनासला ते पटलं. दुसरं काय असणार? त्यानं त्या चौकोनाच्या कडेकडेनं ब्रश फिरवला आणि तो पांढरा ठेवला. सगळं शहर काळं झाल्यावर ती खिडकी एवढी उजळ दिसायला लागली, की तो पान दूर धरून कितीतरी वेळ पाहत बसला. आपल्या घरी कुणीतरी जागं आहे असं वाटलं.

पेन्सिल खोडायच्या वेळी मात्र एक गोष्ट खटकली. खोडलेल्या कागदाला बोट लावलं की कळतं. तंतू उभे राहतात. फुली मारून कुणी पुसली असती तर तिथं खरखर लागली असती. त्यानं बोट फिरवलं. आजूबाजूला पेन्सिलचा माग होता. खिडकीच्या आत कागद गुळगुळीत होता, थंड होता, आणि बाकीच्या पानापेक्षा जरा जास्तच पांढरा होता.

४

घरी दिवा जळतच होता.

स्त्रातिस गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी चर्चमध्ये उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला होता. आईनं वर पिठीसाखर थापून चांदीच्या गोळ्यांनी नाव काढलं होतं. फादर म्हणाले, आता आत्मा मार्गी लागला. मामी म्हणाली, आता तूही जरा पाठ टेक. आईनं सगळ्यांना हो म्हटलं, घरी येऊन स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि खुर्चीवर बसली.

तेव्हापासून ती बिछान्यावर झोपलीच नव्हती. खुर्चीत मान कलायची, जिन्यात पाऊल वाजलं की ताठ व्हायची. मनगटं काटक्यांसारखी झाली. डॉक्टरांनी मिनासला बाजूला घेऊन सांगितलं, की ही अशी जागत राहिली तर तुझी आई हिवाळा काढणार नाही. गोळ्या दिल्या. आई गोळ्या ब्लाउजच्या बाहीत ठेवायची आणि सकाळी कचऱ्यात टाकायची.

एकदा मिनासचं डोकं फिरलं. त्यानं जाऊन खटकन बटण बंद केलं. म्हणाला, आई, आम्ही दोघं होतो, आता एकटा आहे, आणि मी आलोय, झोप.

अंधार झाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चाचपडत तिनं बटण गाठलं. दिवा लागला तेव्हा ती त्याच्याकडे रागानं पाहत नव्हती. समजूत घालावी तशी म्हणाली, “बाळा, तो अंधारात जिना कसा चढेल?”

त्या बटणाच्या पट्टीवर कायम काळे डाग असायचे. काम करताना स्त्रातिसच्या तळव्याची कड पेन्सिलीनं काळी व्हायची, आणि जाता-येता तो तिथं हात टेकायचा. आई त्यावरून त्याला फार बोलायची. भिंती काय तुझे कागद आहेत, म्हणायची. चाळिसाव्याच्या आदल्या दिवशी माम्यांनी घर घासून काढलं, त्यात तेही पुसलं गेलं. पट्टी आता स्वच्छ, पांढरी होती. आई येता-जाता तिच्याकडे बघायची.

५

उन्हाळा सरता सरता खिडकीत कुणीतरी आलं.

आधी मिनासला तो डाग वाटला. खिडकी आता प्रत्येक अंकात असायची आणि तो ती सगळ्यात शेवटी बघायचा, ताटातला गोड घास राखून ठेवावा तशी. त्या दिवशी आत काहीतरी करडं होतं. अगदी फिकट, कठीण पेन्सिलीनं श्वास रोखून काढल्यासारखं. त्यानं किमेलचं भिंग घेतलं.

टेबल होतं. टेबलावर वाकलेली पाठ होती. पाठीवर शाल होती.

गाडी आली. टेबल थरथरलं. भिंगाखाली ती पाठही थरथरली. गाडी गेली, टेबल थांबलं. मिनासला वाटलं की पाठ थांबायला जरा उशीर लागला.

त्या दुपारची पाठीवरची शाल कुणाला माहीत होती? आईला आणि त्याला. किमेललाही नाही. मिनासनं भिंग त्याच्यापुढं केलं. म्हाताऱ्यानं पुष्कळ वेळ पाहिलं आणि धूळ आहे म्हणाला. मग म्हणाला की पेन्सिल घासली गेली असेल. मग भिंग परत देत हळूच म्हणाला, “काहीही असो, छपाईत येणार नाही. तू पेन्सिल खोडणारच आहेस.”

मिनासनं सगळं पान खोडलं. त्या खिडकीवर मात्र त्यानं अंगठ्याचं नख आडवं धरलं आणि खोडरबर तिला लागू दिला नाही.

घरी जाताना तो स्वतःशीच वाद घालत होता. कुणी केलं असेल? एकर्टनं? त्याला शाल कुठून कळणार? प्रकाशकाच्या ऑफिसात कुणी थट्टा केली? पानं तर नेब्रास्कातून थेट इकडं येतात. मग आपणच, झोपेत? आपल्याला पाठ काढता येते का? नाक काढता आलं नाही. शेवटी जे उरत होतं ते त्याला उच्चारायचं नव्हतं, कारण उच्चारलं तर ते जाईल. त्याला भीती वाटत होती हे खरं. पण ती भीती त्याला सोडवत नव्हती. लहानपणी रात्री भाऊ उशिरा यायचा आणि जिन्यात पावलं वाजायची, तेव्हा असंच वाटायचं.

सोतिरिसकाकांनी त्याच आठवड्यात सांगितलं की पारवा पुन्हा खपतोय. खिडकी आली म्हणून जुनी माणसं परतली. नर्सबाई म्हणाल्या, नवा मुलगा शिकतोय. घरी दिवा आहे हे याला कळलं, आता दमायलाही शिकेल. काकांनी ते असं सांगितलं जशी काही मिनासचीच कमाई होती.

त्यानंतरच्या पानांत खुर्ची रिकामी होती. तो उभा होता, पाठमोराच, टेबलापाशी.

६

ऑफिसातल्या संपादकबाईंनी एकर्टला फोन करून खिडकीबद्दल शाबासकी दिली. म्हणून एकर्टनं किमेलला फोन केला.

मिनास समोरच बसला होता. किमेलचा चेहरा बदलत गेला तसा तो उठून जवळ गेला. किमेलनं रिसीव्हर दोघांच्या कानांच्या मध्ये धरला. पलीकडचा आवाज तरुण होता. लाजाळू. पाठीमागं कुठंतरी बाळ रडत होतं.

एकर्ट म्हणत होता की शाबासकी माझी नाही. आधीच कळवायला हवं होतं, पण बायको म्हणाली तू नवा आहेस, त्या लोकांना विचारायला जाऊ नकोस, त्यांच्या घरातला माणूस गेलाय. “मी सगळ्या खिडक्यांवर फुल्या मारतो, मिस्टर किमेल. एकूण एक. छापून आलेलं पाहिलं, तेव्हा मला वाटलं तुम्हीच ती एक पुसता. त्यांच्या आठवणीसाठी. मला बरंच वाटलं.”

किमेल घसा खाकरून म्हणाला, “आम्हाला वाटलं तू सोडतोस.”

तिकडं बाळ रडायचं थांबलं.

“आणखी एक,” एकर्ट म्हणाला. “ती इमारत मी तीन मजलीच काढतो. मागं पाण्याची टाकी दिसायला हवी म्हणून.”

किमेलनं मिनासकडे पाहिलं. मग एकर्ट विचारू लागला, त्यांचा धाकटा भाऊ तिथं काम करतो ना? त्याला सांगाल का, की मी त्यांचे अंक शेतावर, कोठीत लपून वाचायचो. मला ठाऊक आहे माझा पारवा त्यांच्यासारखा नाही. लोक बोलतात ते खरं आहे. त्यांच्यासारखा काढायला गेलो की रेघ मोडते, म्हणून मी माझा काढतो. एवढं त्याला सांगा.

मिनासला काहीतरी बोलायचं होतं. शिवी असेल किंवा दुसरं काही. त्याच्या तोंडून फक्त “हं” बाहेर पडलं, आणि पलीकडच्या माणसाला कळलं की तो ऐकत होता.

फोन ठेवल्यावर किमेलनं कपाटातून जुनं पान काढलं आणि दिव्याखाली धरलं. दोघांनी मजले मोजले. चार होते. टाकी कुठंच नव्हती.

७

नोव्हेंबरात दिवस लवकर मावळायला लागले. आईला आता खुर्चीतून उठताना धरावं लागायचं. त्या सकाळी तिनं मिनासला विचारलं होतं, जिन्यातला बल्ब गेला नाही ना? त्यानं सांगितलं, नाही गेला. ती म्हणाली, मग तो का अडलाय?

दुपारी नव्या अंकाची पानं शाई चढून तयार झाली. किमेलनं चित्रातल्या खिडकीकडे न बघताच ती मिनासच्या टेबलावर ठेवली आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

शहर शेवटच्या पानावर होतं. मिनासला भिंग लागलंच नाही. तो काचेपाशी आला होता. उजेड मागून असल्यामुळं तोंड दिसत नव्हतं. शालीचं टोक दिसत होतं, आणि काचेला टेकलेला हात. त्या हाताची कड काळी होती.

मिनासनं नकळत आपला हात त्यावर ठेवला. कागद थंड होता.

हात उचलला, तेव्हा त्याला ती दिसली. काचेवर, अगदी मधोमध. फुली. एकर्टची नव्हे. स्त्रातिसची फुली कुठंही ओळखू आली असती. तो दुसरी रेघ मारताना पेन्सिल पुरती उचलायचाच नाही, म्हणून तिला खाली एक शेपूट यायचं. अशा फुल्या मिनासनं हजारांनी भरल्या होत्या.

“नाही,” तो म्हणाला.

किमेल वळला. जवळ आला. चष्मा कपाळावर ढकलून वाकला. या वेळी तो धूळ म्हणाला नाही. त्यानं त्याच हाताच्या पेन्सिलीवर इतकी वर्षं शाई चढवली होती.

“मी नाही भरणार,” मिनास म्हणाला. “मी ही अशीच ठेवीन. पुढच्या महिन्यात तो आणखी पुढं येईल. काय बिघडतं? येऊ दे की.”

“कुठं येईल?”

मिनासनं पानाकडे पाहिलं. काचेपुढं आता कागदच उरला होता.

किमेलनं शाईची बाटली त्याच्यापुढं सरकवली. हळूच, सांडू नये अशी. “उजेड ठेवलात तर माणूस बसून राहतो रे. दमलेला असला तरी बसून राहतो. तो तुला काय सांगायचा? जिथं फुली—”

“मला ठाऊक आहे.”

“मग डोकं चालवू नकोस.”

मिनासनं ब्रश बुडवला. टोक बाटलीच्या काठावर निथळलं. आणि सवयीनं हात वर उचलून तो थांबला, किमेलही थांबला. दोघं गाडीची वाट पाहत राहिले. गाडी आलीच नाही. टेबल मात्र थरथरत होतं. खालच्या बेकरीतला आवाज थांबला होता, रस्त्यावरचाही. मिनासला वाटलं, आता आपण पाहिलं तर तोंड दिसेल. त्यानं पाहिलं नाही. त्यानं फुलीच्या शेपटावर ब्रश टेकवला.

शाई पसरत गेली. आधी फुली गेली, मग शाल, मग बोटं एकेक करून. हाताची काळी कड सगळ्यात शेवटी गेली. ती शाईत कधी मिसळली ते कळलंच नाही. तो रडत होता, आणि एकही थेंब पानावर पडू नये म्हणून मान मागं धरून होता.

टेबल थांबलं.

सगळं शहर काळं झाल्यावर त्याला प्रथमच बाकीचं पान दिसलं. एकर्टचा पारवा गच्चीच्या कठड्यावर उतरत होता. चवड्यांवर, हलका, तरणाबांड. हा दुसराच कुणीतरी होता. पण उतरताना त्याचा एक गुडघा थोडासा वाकला होता. पोरानं प्रयत्न केला होता. मिनासनं त्या गुडघ्याभोवतीची पेन्सिल सावकाश, कागद दुखावणार नाही अशी खोडली.

८

बाहेर नुकतं अंधारत होतं. दुकानांचे दिवे लागले होते. गल्लीच्या तोंडाशी आला की मिनासची मान आपोआप वर व्हायची. चौथा मजला, मागची बाजू. फेब्रुवारीपासून एक दिवसही ती खिडकी काळी नव्हती.

ती काळी होती.

तो धावत सुटला. जिन्यात त्याचा खांदा कठड्यावर आपटला. डॉक्टरांचे शब्द, आईची मनगटं, आपण भरलेला तो चौकोन, सगळं डोक्यात एकदम घुसलं. जिथं फुली, तिथं काळं. मी काय भरलं? मी काय भरून आलो?

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात अंधार. आईची खुर्ची रिकामी.

ती आतल्या खोलीत होती. आपल्या बिछान्यावर, कुशीवर, दोन्ही हात गालाखाली घेऊन. मिनास वाकला. त्याला काही ऐकू येईना, कारण त्याचंच काळीज धडधडत होतं. मग ऐकू आलं. आई घोरत होती. बारीक, एकसारखी, पुष्कळ दिवसांची झोप वसूल करणाऱ्या माणसासारखी. अंगावर तपकिरी शाल होती. ती शाल फेब्रुवारीत आईनंच स्त्रातिसबरोबर शवपेटीत ठेवली होती.

तो तिथंच खाली बसला. त्याच्या हालचालीनं ती अर्धवट जागी झाली. डोळे न उघडताच म्हणाली, “आलास?”

“आलो, आई.”

“जेवण झाकून ठेवलंय.” मग थोड्या वेळानं, “बडबड करू नकोस. त्याला बसू दे जरा. केवढे जिने चढून आलाय.”

मिनास कुजबुजला, “दिवा कुणी मालवला, आई?”

“त्यानंच,” आई म्हणाली. “म्हणाला, मिनास येतोच आहे मागून. तू झोप.” आणि ती पुन्हा घोरायला लागली.

तो उठून स्वयंपाकघराच्या दारात आला. रस्त्यावरचा थोडासा उजेड भिंतीवर पडला होता. बटणाच्या पांढऱ्या पट्टीवर, नेहमीच्या जागी, एक डाग होता. त्यानं बोट लावलं. बोट काळं झालं.

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, खिडकीकडे पाठ करून, स्त्रातिसची खुर्ची मागं ओढलेली होती. तिथं अंधार जरा दाट होता. इतका वेळ त्याला जो आवाज नळाचा वाटत होता तो नळाचा नव्हता. ब्लेडनं पेन्सिल तासल्यासारखा होता. संथ, मध्ये थांबणारा, आणि बशीत कसपट पडल्यासारखा.

मिनासचा हात बटणापासून बोटभर अंतरावर होता. एकदा दाबलं की झालं. सगळं दिसलं असतं.

त्यानं हात खाली घेतला. चाचपडत आपली खुर्ची शोधली, आवाज न करता ओढली, आणि भावासमोर अंधारात बसून राहिला.